पर्पेटुआचं हिरवं दार

आमच्या भागातल्या पोलीस चौकीच्या मागच्या आवारात पुरावे ठेवतात. जळक्या मोटरसायकली, चाकं नसलेला एक मटाटू टेम्पो, हातभट्टीची पिंपं आणि भिंतीला टेकवलेलं एक हिरवं लोखंडी दार. ते दार कशाचा पुरावा आहे हे चौकीत आता कुणालाच धड सांगता येत नाही. पर्पेटुआ अकेलो मात्र अधूनमधून ते बघायला जाते. बोटाच्या पेराने वाजवते, गंज कुठवर चढला ते नखाने खरवडून बघते आणि ड्युटीवरच्या शिपायाला सांगते, "बाबा रे, एक हात रंग तरी मारा. माझं आहे ते." शिपाई म्हणतो, "आई, केस चालू आहे." चालू आहे म्हणजे कुठेतरी गाढ झोपली आहे, हे तिलाही कळतं आणि त्यालाही. मी तिच्यासोबत जाते, कारण त्या दाराच्या भानगडीत मीही होते.

मी वांगेची. मुलगा गिताऊ मोंबासाला ट्रक चालवतो, म्हणून सगळ्यांची गिताऊची आई. मुगुमो वस्तीत गल्लीच्या तोंडाशी मी पालेभाजी विकायचे आणि माझ्या शेजारी पर्पेटुआ मासे तळायची. मी किकुयू जमातीची, ती लुओ. निवडणुका आल्या की आमच्या लोकांचं फाटतं. तेवढे दिवस आम्हीही एकमेकींशी जपून बोलायचो. निकाल लागला, दगडफेक थांबली की पुन्हा टोमणे सुरू.

"तुम्हा किकुयूंचं बरं आहे," ती म्हणायची. "माणूस मेलाय की नाही बघायला नाडी धरावी लागत नाही. कानाशी नाणं वाजवायचं. उठून बसला नाही तर खुशाल पुरायचा."

"आणि तुम्ही?" मी म्हणायचे. "घरात पीठ नसेल, पण मयताला बँड हवा."

यावर ती कढईतला मासा उलटवत हसायची, कारण ते खरं होतं.

पर्पेटुआ हसली की सगळी हलते. अंगाने आडवी आणि आवाजाने त्याहून आडवी बाई. मत नाही असा विषय तिच्याकडे नव्हता, पण खास अभ्यास तीन गोष्टींचा. चोर, पोलीस आणि घरमालक. "दार वाजवून येतो तो पाहुणा," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "न वाजवता येतात ते हे तिघे. त्यातल्या त्यात चोर बरा. तो निदान हप्ता लावत नाही."

मासे बांधायला ती जुनी वर्तमानपत्रं घ्यायची. त्यात कधी शहरातले गुन्हे कमी झाल्याची बातमी आणि खाली कुणा मंत्र्याचा हसरा फोटो दिसला की मुद्दाम त्या फोटोवरच तेल निथळता मासा ठेवायची. "म्हणे गुन्हे कमी झाले. लोकांनी चौकीची पायरी चढायची सोडली, म्हणून कमी झाले. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का?" पलीकडच्या गल्लीत सात सात मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या. इतक्या खेटून, की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ देता यावं. त्यांच्याकडे बोट करून ती म्हणायची, "त्यात ऊन शिरत नाही, वारा शिरत नाही, चोर तेवढा शिरतो. जिथे शेजारीण कोण ते ठाऊक नाही, तिथे परका कोण हे कसं ओळखणार?"

आमचा प्लॉट जुना होता. मधे अंगण, भोवती पत्र्याच्या छपराच्या बारा खोल्या, एक नळ, दोन संडास. कोण कधी आला, कोण कुणाकडे आला, सगळं सगळ्यांना माहीत. कधी कधी त्याचा वैताग यायचा. पण माझी भाजीची टोपली अंगणात रात्रभर राहिली तरी सकाळी त्यात जुडी कमी नसायची.

पोलिसांबद्दल बोलताना मात्र पर्पेटुआ हसायची नाही. तिची एकुलती एक लेक अवुओर. नाक्यावरच्या सलूनमध्ये वेण्या घालायची, संध्याकाळी येताना माझ्या टोपलीतलं उरलेलं विकायला मदत करायची आणि मोबदल्यात दोन टोमॅटो न विचारता उचलायची. एका दुपारी पोलीस एका चोराच्या मागे पळत आमच्या गल्लीत शिरले. अवुओर नळाच्या रांगेत उभी होती. चोर कुंपणावरून उडी मारून गेला. गोळी रांगेत आली.

चौकीत लिहिलं गेलं, की मुलगी टोळीतली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते निदान चुकून होत असावं. इथे संन्याशाला आधी फाशी दिली आणि मग तोच चोर होता असं ठरवलं. पर्पेटुआ किती खेटे घालून आली, पण लिहिलेलं बदललं नाही.

लेकीला तिने गावी नेलं, पार पश्चिमेला, सरोवराकडे. लुओंमध्ये वयात आलेली पण लग्न न झालेली मुलगी गेली तर तिला घराच्या आवारात पुरत नाहीत. तिचं घर दुसरीकडे व्हायचं असतं, ते झालेलं नसतं, म्हणून कुंपणाबाहेर. पर्पेटुआच्या दिरांनी चाल मोडली नाही. परत आल्यावर कितीतरी दिवस ती मधेच चिमटा हातात धरून थांबायची आणि एकच सांगायची, "कुंपणाबाहेर गुरं चरतात गं."

ती मातीला गेली होती तेव्हाच तिची खोली फुटली. लाकडी दार एका लाथेत गेलं. परत आल्यावर तिने भांडीकुंडी घ्यायच्या आधी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी दार करून घेतलं. दोन कड्या आणि आतून आडणा. रंग हिरवा, कारण त्याच्याकडे तोच उरला होता. ते दार लागलं की सगळ्या अंगणाला ऐकू जायचं. पर्पेटुआ झोपायला गेली हे आम्हाला त्या आवाजाने कळायचं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यावर झोप लागायची.

मग मालकालाही सात मजले हवेसे झाले. मालक आम्ही कधी पाहिला नाही, पाहिला तो त्याचा मुकादम, किनोती. तोंडाने साखर पेरणारा माणूस. "आईबाई, तुमच्या भल्याचंच सांगतो," असं म्हणाला की समजावं, आता काहीतरी जाणार. रीतसर नोटीस द्यायची तर वेळ लागतो, कोर्टात कुणी गेलं तर वर्षं जातात. त्याने सोपा रस्ता काढला. एका सकाळी आम्ही बहुतेक जण कामाला गेलेलो असताना मजूर घेऊन आला आणि बाराच्या बारा खोल्यांची दारं बिजागऱ्यांसकट काढून घेऊन गेला.

भिंती होत्या, छप्पर होतं. कुणाला बाहेर काढलं असं म्हणता येईना. पण दार नसलेली खोली सोडून माणूस कामाला जाईल कसा, आणि कामाला न जाता जगेल कसा? आठवडाभरात निम्मे लोक गेले. उरलेल्यांनी दारात कापडं लावली, खाली विटा ठेवल्या. पर्पेटुआने आपला जुना छापील सुती लेसो टांगला आणि कमरेला दुसरा गुंडाळून चौकीत निघाली. मला म्हणाली, "चल. तुझं दार मालकाचं होतं. माझं माझं होतं. माझ्याकडे चोरी झालीय."

चौकीत हवालदार लेतिंग होता. तरणा, दिसायला सभ्य, बूट चकचकीत.

"दार चोरीला गेलं?" तो म्हणाला. "दारातून काय चोरीला गेलं ते सांगा ना."

"दारच गेलं. हिरवं. लोखंडी."

"कोणी नेलं?"

"मुकादमाने. दिवसाढवळ्या."

"मग ती चोरी कशी? मालकाचा माणूस मालकाच्या घराचं दार घेऊन गेला. दुरुस्तीला नेलं असेल."

"साहेब, ते मी करून घेतलंय. माझ्या कढईच्या कमाईचं आहे. नुसतं एवढं लिहून घ्या की हिरवं दार गेलं. कोणी नेलं ते नका लिहू, मी म्हणत नाही."

लेतिंगने खिशातलं पेन काढलं, कागदावर दोनदा ओढलं आणि आम्हाला दाखवलं. "शाई संपली, आई. उद्या या." आम्ही उद्याही गेलो आणि परवाही. शाई आलेली नव्हती. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "चहापाण्याचं बघायला हवं त्याच्या." पर्पेटुआ म्हणाली, "लेक दिली की यांना. अजून काय देऊ?"

दार नसलेल्या प्लॉटची बातमी चोरांना कळायला वेळ लागत नाही. आम्ही उरलेल्या बायका आळीपाळीने अंगणात बसायचो. त्या दिवशी पाळी माझी होती. भर दुपार. नळाला पाणी आल्याची हाक आली, मी कळशी भरायला गेले आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. येऊन बघते तो माझ्याच खोलीच्या कापडाआडून एक माणूस माझा गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन निघालेला.

त्याचं नाव मला नंतर कळलं. ते मी इथे सांगणार नाही. का, ते पुढे येईल.

वस्तीत "चोर" हा शब्द एकदाच म्हणावा लागतो. नाक्यावरचे मोटरसायकलवाले आधी पोचले, त्यांच्या मागून ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही असे पन्नास. त्याला अंगणाच्या मधोमध पाडलं. पहिला दगड डोक्यात बसला. मी काय केलं? मी माझा सिलिंडर बाजूला ओढून घेतला आणि बघत उभी राहिले. दारं गेल्यापासून मला धड झोप नव्हती. कुणावर तरी राग काढायचा होता. किनोती हाती लागत नव्हता, मालक लागत नव्हता, हा लागला होता. मला त्या क्षणी त्याची दया आली नाही. मोटरसायकलवाल्यांचा पुढारी करांजा आपल्या गाडीच्या टाकीला नळी लावत होता. पेट्रोल कशाला काढतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

तेवढ्यात गर्दी दोन बाजूंना सरकली. पर्पेटुआ आली. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, हातात मासे उलटायचा झारा. तिने कमरेचा लेसो सोडला, त्या माणसाच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत पांघरला आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "हा माझा जावई आहे."

आमच्या प्लॉटमधली माणसं एकमेकांकडे बघेनात. अवुओर कुठे आहे, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण बाहेरच्या पन्नासांना माहीत नव्हतं. करांजा तर मागच्याच वर्षी वस्तीत आलेला.

"जावई?" करांजा म्हणाला. "तुझा जावई दुसऱ्याच्या खोलीत शिरून सिलिंडर नेतो? आणि तुम्हा लुओंत जावई सासूच्या आसपास तरी फिरकतो का?"

"म्हणूनच तिच्या खोलीत शिरला," पर्पेटुआ म्हणाली. "माझ्या खोलीत पाऊल टाकता येत नाही त्याला. तुम्ही एका जावयाला त्याच्या सासूसमोर लोळवलंत. आता याचं पाप कुणाकुणाच्या घरी जाईल ते बघा."

गर्दीतले दोन-तीन लुओ पोरगे मागे सरकले. आमच्यात जावयाला मान असतो, पण त्यांच्यात धाक असतो. करांजा मात्र किकुयू. तो माझ्याकडे वळला.

"गिताऊची आई, सिलिंडर तुझा. तू आमच्यातली आहेस. तू सांग. हा हिचा जावई आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सिलिंडर माझ्या पायाशी होता. पर्पेटुआने माझ्याकडे बघितलं नाही. तिने विनवलं असतं तर मी कदाचित खरं बोलले असते, माझा स्वभावच तसा वाकडा. पण ती नुसती समोर बघत उभी होती. मला नळाची रांग दिसली. त्या रांगेतून उचलून आणताना अवुओरची एक चप्पल मागे राहिली होती, ती मी आणली होती.

"जावईच आहे," मी म्हटलं. "सिलिंडर भरून आणायला मीच दिला होता. तुम्ही विचारायच्या आधी दगड घातलात."

करांजाने थुंकी टाकली. नळी गुंडाळली. गर्दी जशी आली तशी पांगली, फक्त जाताना जरा हळू.

त्याला आम्ही माझ्या खोलीत कापडाआड बसवलं. डोक्याला पट्टी बांधली. पर्पेटुआने मासा आणि मक्याच्या पिठाची उगाली माझ्या हाती दिली आणि स्वतः भिंतीच्या पलीकडे पाठ करून बसली. मला आधी वाटलं, नाटक संपलं तरी ही का बसलीय अशी. मग कळलं, तिच्या दृष्टीने नाटक संपलेलं नव्हतं. पाच माणसांपुढे जावई म्हटलं की तो जावई.

तो खाता खाता रडला. पंचविशीचा असेल. बांधकामावर रोजंदारीला जायचा. आणि मग त्याने सांगितलं, की आमची दारं काढायला आलेल्या मजुरांत तोही होता. म्हणून तर त्याला माहीत होतं, इथे दारं नाहीत.

मी त्याच्या हातातली ताटली काढून घेणार होते. भिंतीपलीकडून पर्पेटुआचा आवाज आला, "हिरवं दार कोणी काढलं?"

"मीच, आई. जड होतं. बोट चिरलं त्याने." त्याने मला बोट दाखवलं. "सगळी दारं किनोतीच्या लाकडाच्या वखारीमागे पडली आहेत."

त्याने ताटलीतला शेवटचा घास उचलला. मग त्याने विचारलं, "आई, तुमची लेक कुठे असते?"

"गावी असते," पर्पेटुआ म्हणाली.

जाताना अंगणाच्या फाटकाशी मी त्याला खरं सांगितलं. कुंपणासकट. म्हटलं, कुणाच्या नावाने जीव वाचला ते माहीत असलेलं बरं. त्याने मला आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, कुठल्या गल्लीत राहतो ते सांगितलं आणि गेला. त्या रात्री पर्पेटुआ मला म्हणाली, "गिताऊची आई, मेल्यावर चार वर्षांनी लेकीचं लग्न लावलं मी." ती हसत होती, पण तिचं अंग हलत नव्हतं.

आठवड्याने उजाडता उजाडता फाटकाशी हातगाडी वाजली. तो होता. हातगाडीवर हिरवं दार. फाटकाच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही. मला म्हणाला, "सासूबाईंना द्या. म्हणावं, गाय नाही माझ्याकडे. मुलीच्या मानाचं हेच समजा." त्यांच्यात मुलीच्या आईबापांना गुरं द्यायची असतात, हे कुणाकडून तरी विचारून आला असणार, कारण तो स्वतः कांबा जमातीचा. पर्पेटुआ लेसोच्या फटीतून बघत होती. बाहेर आली नाही. तो गेल्यावर आली आणि दारावरून असा हात फिरवला, जसा दुरून आलेल्या गाईच्या पाठीवरून फिरवतात.

आम्ही चौघींनी मिळून ते बसवलं. त्या रात्री उरल्यासुरल्या प्लॉटने पुन्हा तो आवाज ऐकला आणि मी कितीतरी दिवसांनी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनोती आला, सोबत लेतिंग आणि दोन शिपाई. किनोतीच्या वखारीतून लोखंडी दार चोरीला गेलं होतं. तक्रार नोंदवून झाली होती. दार उतरवून पोलिसांच्या गाडीत टाकलं, पर्पेटुआला बसवलं आणि करांजाने की आणखी कुणी माझंही नाव सांगितलं असावं, मलाही बसवलं. किनोती मला म्हणाला, "आईबाई, तुमच्या भल्याचंच सांगतो, जे माहीत आहे ते बोलून टाका." कुंपणच शेत खातं असं आम्ही म्हणतो. त्या दिवशी शेतालाच चोरीच्या आरोपाखाली गाडीत घातलं होतं.

चौकीत लेतिंगने वही उघडली. त्याचं पेन झरझर चालत होतं.

"दार कुणी आणलं?"

"जावयाने," पर्पेटुआ म्हणाली.

"नाव?"

"ते सांगता येणार नाही. आमच्यात सासू जावयाचं नाव घेत नाही."

लुओंमध्ये खरंच अशी चाल आहे, की तिने ती तिथल्या तिथे काढली, मला आजही ठाऊक नाही. लेतिंगलाही ठाऊक नव्हतं, तो कालेंजिन. त्याने कोपऱ्यातल्या लुओ शिपायाकडे बघितलं. शिपाई छताकडे बघत म्हणाला, "असते साहेब, काही घरांत."

लेतिंगने जुनी कागदपत्रं चाळली असावीत. तो म्हणाला, "तुझ्या मुलीचं लग्न झाल्याची आमच्याकडे नोंद नाही."

"तुमच्याकडे ती चोर होती अशी नोंद आहे. तुमच्याकडचं सगळं खरं असतं का, साहेब?"

त्या पोराने वही बाजूला सारली. मग आवाज उतरवून बोलला, आणि तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. "हे बघ, आई. हा माणूस आम्हाला आणखी दोन गुन्ह्यांत हवा आहे. नाव सांग, कुठे राहतो ते सांग. दार आत्ता घेऊन जा. किनोतीला मी सांगतो, नाताळ होईपर्यंत तुझ्या खोलीला हात लावायचा नाही. नाहीतर चोरीचा माल ठेवला म्हणून तुला आत बसावं लागेल, आणि तू आत असताना तिकडे खोलीचं काय होईल ते तुला कळतंच."

पर्पेटुआला कळत होतं. पोलिसांना हवी असलेली माणसं आमच्या वस्तीतून कोर्टात जात नाहीत. नदीकाठी सापडतात, आणि वहीत लिहिलेलं असतं की पळत होता. तिने खिडकीबाहेर बघितलं. दार गाडीत उभं होतं, बिजागऱ्या उन्हात चमकत होत्या. तिचं सगळं म्हणावं असं जगात तेवढंच होतं, ती खोली आणि ते दार. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

"साहेब," ती म्हणाली, "दार गेलं म्हणून मी आले तेव्हा तुमच्या पेनात शाई नव्हती. आज आहे, बरं वाटलं. लिहा की सासू नाव घेत नाही."

लेतिंग माझ्याकडे वळला. "तू किकुयू. तुझं काही नातं नाही, चाल नाही. तुझाच सिलिंडर गेला होता म्हणतात. तू नाव सांग आणि घरी जा."

मला नाव माहीत होतं. फाटकाशी त्याने सांगितलं होतं, बापाच्या नावासकट, कुठल्या गल्लीत राहतो त्यासकट. जिभेवर होतं. माझी भाजी गल्लीच्या तोंडाशी सुकत पडली होती, खोलीला कापड लावलेलं होतं, मला घरी जायचं होतं, आणि मी घाबरले होते.

"अवुओर माझ्या टोपलीतले टोमॅटो खाऊन मोठी झाली," मी म्हटलं. "न विचारता उचलायची. परक्याच्या टोपलीतलं कोणी असं उचलत नाही. तिचा नवरा तो माझाही जावई. मलाही नाव घेता येत नाही."

लेतिंगने पेनाला टोपण लावलं.

आम्हाला मागच्या खोलीकडे नेलं. चालता चालता पर्पेटुआ पुटपुटली, "किकुयूंमध्ये ही चाल कधीपासून?"

"आजपासून," मी म्हटलं.

आत अंधार होता, ओलसर सिमेंट, कोपऱ्यात बादली. शिपायाने बाहेरून दार ओढलं. जाड लोखंडी दार, त्याचा आवाज सगळ्या चौकीला ऐकू गेला असेल. पर्पेटुआने अंधारात त्याच्यावरून हात फिरवला, बिजागरी चाचपली.

"बघ, गिताऊची आई," ती म्हणाली, "दार असलेली खोली मिळाली."

मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लेकीला कुंपणाबाहेर ठेवून आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि तिकडे प्लॉटवर काय चाललं असेल, याबद्दल दोघींपैकी कुणीच बोललं नाही.